सुतकातली हळद

मित्रांनो, मी एक जुनं मशीन आहे, पिशव्यांची तोंडं बंद करणारं, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. तसा मी तापटच. तापलो नाही तर माझा उपयोग काय? पण माझं तापणं क्षणभराचं असतं. दांडी दाबली की लाल दिवा लागतो, पट्टीखालची तार तापते, पिशवीचं तोंड चिकटतं, दिवा विझतो आणि मी गार होतो. या वेळचा राग मात्र विझायचं नाव घेत नाही, म्हणून तुम्हालाच सांगायला बसलो आहे.

शिरवळला हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथून मला सांगलीच्या एका दुकानात आणून ठेवलं आणि एका फरसाणवाल्यानं मला विकत घेतलं. त्या माणसानं मला कधी फडकं लावलं असेल तर शपथ. शेवेचं तेल माझ्या पट्टीवर साचायचं, जळायचं, वास सुटायचा, आणि तो ओरडायचा, "डबडं हाय नुसतं." म्हणजे पाप याचं आणि बोलणी मी खायची. शेवटी त्यानं नवीन मशीन आणलं आणि मला माळ्यावर टाकून दिलं. तिथं मी धूळ खात किती दिवस पडलो होतो, ते मी मोजलं नाही.

माळ्यावरून मला खाली उतरवलं ते जुनं, स्वस्तातलं मशीन शोधत आलेल्या दीपमालानं. दीपमाला पलूसजवळच्या एका मळ्यातली सून. नवरा उदयसिंह फौजेत, घरी सासरे सयाजीआबा आणि सासू विजयमाला. आबा उसाच्या जोडीला हळद करायचे. ती पोत्यांनी सांगलीच्या बाजारात जायची आणि पुढं कुणाच्या नावानं विकली जायची ते देवाला ठाऊक. दीपमालाच्या मनात आलं, आपली हळद आपल्या नावानं का विकू नये? तिनं फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये दुकान मांडलं. भावकी हसली. "शिकल्याली सून, आता हळदीच्या पुड्या बांधतीया," म्हणाली. आबा मात्र म्हणाले, "पोरी, पुड्या तू बांध, हळद मी पिकवतो. बगू कोण हसतंय."

पहिल्याच दिवशी तिनं माझी पट्टी कोरड्या फडक्यानं पुसली. मला कसं वापरायचं तेही तिनं चटकन ओळखलं. दिवा विझला की लगेच दांडी उचलायची नाही, तोंड गार होऊन धरेपर्यंत जरा दाबून ठेवायचं. एवढीच माझी अपेक्षा असते, आणि तेवढीही फार लोकांना पुरी करता येत नाही. पुढं दुकान चाललं. पुण्या-मुंबईपर्यंत हळद जाऊ लागली. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी माल घराबाहेर, असा दीपमालाचा शिरस्ता. अ‍ॅपमध्ये तिच्या नावापुढं तारे झळकत होते. विजयमाला येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून सांगायची, "लय गुणाचं मशीन हाय बगा." मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

लग्नसराई तोंडावर होती. टेबलावर ऑर्डरींच्या पिशव्या भरून उभ्या होत्या. त्यांतली एक मोठी होती साताऱ्याच्या सोनियाची. तिचं स्वतःचं लग्न ठरलेलं, आणि अंगाला लावायची हळद तिनं दीपमालाकडून मागवली होती. नवरीची हळद म्हणून आबांनी हळकुंडं स्वतः निवडून दळून आणली होती. आता फक्त माझं काम राहिलं होतं. दीपमालानं माझी पिन बोर्डात घातली, आणि तेवढ्यात अंगणातून विजयमालाची हाक आली. हळद वाळत घालता घालता आबा खाली बसले होते, ते उठेनात. भावकीतला मानसिंग, उदयसिंहाचा चुलतभाऊ, जीप घेऊन धावत आला. आबांना तीत घालून सगळे सांगलीच्या दवाखान्यात गेले. मी आणि उघड्या तोंडाच्या पिशव्या मागं राहिलो.

आबा परत आले ते डोळे मिटूनच. उदयसिंह रजा काढून आला, त्यानं अग्नी दिला, आणि घराला सुतक लागलं. तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो. घरात माणूस गेलं की ते घर आणि त्याची भावकी काही दिवस सुतकात असते. देवपूजा नाही, गोडधोड नाही, मंगल कार्याला जायचं नाही, आणि घरातली वस्तू तर मंगल कार्याला मुळीच द्यायची नाही. हळद तर नाहीच नाही. विजयमालानं माझ्यावर एक जुनं लुगडं टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढचं.

दीपमालाचा फोन माझ्याच शेजारी चार्जिंगला असायचा, आणि विजयमालाला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून दीपमाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यामुळं त्या फोनमध्ये काय काय आलं, ते सगळं माझ्या कानावर पडलं. अ‍ॅपमध्ये सुट्टी मागायची सोय होती. दीपमालानं मागितली. अ‍ॅप म्हणालं, हातातल्या ऑर्डरी आधी पूर्ण करा, मग सुट्टी मिळेल. वा रे शहाण्या. म्हणजे मरणाऱ्यानं आधी ऑर्डरींची चौकशी करून मग डोळे मिटायचे. मग उशिराचं कारण सांगा म्हणून अ‍ॅपनं कारणांची एक माळ पुढं केली. माल संपला. पत्ता चुकला. पॅकिंग फाटलं. पाऊस जास्त झाला. पावसाला त्या माळेत जागा होती, आणि माणूस गेलं याला नव्हती. दीपमालानं बोट फिरवत ती माळ पुन्हा पुन्हा वाचली. शेवटी तिनं "माल संपला" दाबलं. घरात पोत्यांची थप्पी लागलेली आणि बाई म्हणतेय माल संपला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं बोलायला लावलं त्या माळेनं.

आणि गिऱ्हाइकं. काय सांगू तुम्हाला. एकानं लिहिलं, गावाकडच्या लोकांचा धंदा असाच असतो. दुसऱ्यानं एकच तारा देऊन खाली लिहिलं, हळद बेकार निघाली. अरे बाबा, हळद अजून माझ्या शेजारी उघड्या तोंडानं उभी आहे, ती तुला बेकार कुठून निघाली? सोनियानं तर दोनदा लिहिलं. "लग्न तोंडावर आलंय. माल नव्हता तर ऑर्डर घेतलीच का? फसवी बाई आहेस." दीपमालानं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. सांत्वनाला आलेल्या बायकांना पाणी द्यायला उठली. मयताच्या दिवसापासून ती अशीच उठत-बसत होती. सासूला धरायचं, नवऱ्याला जेवायला वाढायचं, आलेल्या-गेलेल्याचं बघायचं. डोळ्यांतून टिपूस नाही. रडायला तिला सवडच कुठं होती?

मग अ‍ॅपचा शेवटचा इशारा आला. परवापर्यंत माल निघाला नाही तर दुकान बंद. तो वाचला गेला तेव्हा मानसिंग दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मंडळी पुढच्या सोप्यात बसली असताना मानसिंग आत आला. माझ्यावरचं लुगडं त्यानं काढलं आणि पिशव्या माझ्या तोंडात द्यायला लागला. मित्रांनो, मला हात असते तर मी त्याचा कान धरला असता. दिवा विझायच्या आत दांडी उचलत होता. अर्धी तोंडं धरली, अर्धी तशीच भसाभस उघडी. पण मशीनला नाही म्हणता येत नाही. दांडी दाबली की तापायचं, एवढंच आमच्या नशिबी. सोनियाची पिशवीही त्यानं बांधली आणि मागच्या दारानं कुरियरवाल्याच्या हवाली केली.

संध्याकाळी फोन वाजला आणि दीपमालानं सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचलं. सोनियाचा मेसेज होता. "हळद निघाल्याचं कळलं. चिंता मिटली." दीपमाला माझ्याकडं बघतच राहिली. टेबल रिकामं होतं.

तिनं मानसिंगला आत बोलावलं. तो काही लपवायला गेला नाही. "व्हय, मीच धाडलं. वैनी, दुकान बंद पडलं असतं तुमचं. एवढं घासून उभं केलंयसा."

"भावजी, त्यात नवरीची हळद हुती."

"मग काय झालं? ती पावडर आबा जित्तं असताना दळल्याली हाय. तिला कसलं आलंय सुतक?"

कोपऱ्यातून विजयमाला बोलली. मयत झाल्यापासून ती कुणाशी फारशी बोलली नव्हती. "दळली कवाबी आसंल. तोंड कवा बांधलंस? तुला बी सुतक हाय, मानसिंग. भावकी म्हंजी त्येच की."

"आवं काकी, साताऱ्यात कुणाला कळणार हाय?"

"आपल्याला कळतंय न्हवं."

मानसिंगचा हेतू वाईट नव्हता, हे मलाही कळतं. आबांना जीपमध्ये घालून नेणारा तोच होता. पण चांगल्या हेतूनं माणसं जेवढा घोळ घालतात, तेवढा वाईट हेतूनंही घालत नाहीत, हे मी स्वच्छ सांगतो. "वैनी, आता सांगितलासा तर ती नवरी पार्सल परत करंल," तो हळूच म्हणाला. "मग दुकान गेलंच म्हणून समजा." दीपमालालाही ते ठाऊक होतं. गप्प बसलं तर दुकान राहणार होतं आणि जगात कुणाला काही कळणार नव्हतं. तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या शेजारी ठेवला.

"आता काय आणि?" पलीकडून सोनियाचा आवाज आला. "निघालीय म्हणून मेसेज आलाय की."

"ताई, ती हळद अंगाला लावू नका. आमच्यात मयत झालंय. घरात सुतक हाय. चुकून धाडली गेली. परत करा, न्हाईतर टाकून द्या, पर नवरीच्या अंगाला नको."

मी म्हटलं, आता ही बाई फोडून काढणार. तोंडानं तिखट होती, आम्ही वाचलं होतं की.

"कोण गेलं वो?" सोनियानं विचारलं.

दीपमाला उत्तर द्यायला गेली. "आबा," एवढं कसंबसं म्हणाली, टेबलाच्या कडेला डोकं टेकलं आणि रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं तिथं, माझ्या शेजारी, बाहेर पडलं. विजयमाला उठून आली आणि तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. सोनियानं फोन ठेवला नाही. दीपमालाचं रडणं संपेपर्यंत ती पलीकडं थांबून राहिली.

मग ती म्हणाली, "मी तुमाला फसवी म्हणलं. लय चुकलं. आमी धनगराची माणसं, सुतक काय असतं ते कळतंय आमाला. अंगाची हळद हितनं दुकानातनं घेतो. पर लग्नामागं आमच्यात जागरण असतंय खंडोबाचं. त्याला भंडारा लागतोय. तो तुमच्याच हळदीचा. तुमचं सुतक फिटलं की सवडीनं धाडा. घाई न्हाई."

सोनियाचं पार्सल परत आलं, आणखी कुणाकुणाच्या पिशव्या वाटेतच फुटल्या. अ‍ॅपनं सगळं दीपमालाच्या खात्यावर चढवलं आणि दुकानाला कुलूप ठोकलं. खरं बोलल्याचं हे बक्षीस. तेरावा झाला, घर सारवलं, देव पूजले, आणि मग दीपमालानं माझ्यावर पुन्हा टाकलेलं लुगडं काढलं, पट्टी पुसली आणि भंडाऱ्याची पिशवी माझ्या तोंडात दिली. दिवा विझल्यावर तिनं दांडी नीट दाबून धरली. असं तोंड मी उभ्या आयुष्यात बांधलं नसेल. ती पिशवी पलूसच्या स्टँडवर साताऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन पाठवली.

मित्रांनो, मशीन असो वा माणूस, गरज असते तेव्हा दाबता, तसं कधी थांबून पुसतही जा. तुमचं पार्सल उशिरा आलं तर बोट ताऱ्यांवर न्यायच्या आधी एक फोन करा. घरी सगळी बरी आहेत ना, एवढं विचारा. हे मी रागानं सांगतोय, पण सांगतोय ते खरं आहे. दुकान अजून बंदच आहे. अ‍ॅप मात्र दर दोन-चार दिवसांनी दीपमालाला काही ना काही विचारत असतं. माल किती आहे, भाव किती लावणार, आमची सेवा कशी वाटली. कोण गेलं, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.