मामांचा राजीनामा

"ठीक आहे मामा, तुमची इच्छा," मालकीणबाई म्हणाल्या आणि वाजणारा फोन त्यांनी उचलला.

मामा तसेच उभे राहिले. हे असं कधी झालंच नव्हतं.

बेकरीच्या भट्टीवर त्यांची हयात गेली होती आणि राजीनामा ते अधूनमधून देतच असत. कधी पंखा बंद पडला म्हणून, कधी पिठाची पोती वाटेत टाकली म्हणून. थोरले मालक दर वेळी चहा मागवत आणि म्हणत, "मामा, पुन्हा विचार करा." मामा चहा संपेपर्यंत विचार करत आणि भट्टीवर परत जात. नाकावर राग असलेल्या माणसाची ती रुसायची रीत होती. थोरले आता अंथरुणाला खिळलेले, आणि आता मालकीण झालेल्या त्यांच्या लेकीला ही रीत सांगणार कोण? या वेळचं कारण तर स्टूल. मामांचं स्टूल कुणीतरी न विचारता माळ्यावर टाकलं होतं.

"स्टुलापायी स्वतःच्याच पोटावर पाय आणलात?" घरी मामी कडाडल्या. धाकटीचं शिक्षण अजून व्हायचं होतं.

"एकदा तरी थांबवायचं तिनं."

"तिला काय ठाऊक तुमची नाटकं? सकाळी जा. सांगा, रागाच्या भरात बोललो, पुन्हा विचार करा."

"मी म्हणू?"

"मग मी येऊ?"

सकाळी मामींनी रोजच्यासारखा डबा हातात दिला. वाटभर मामा ते वाक्य घोकत होते. केबिनमध्ये शिरले तशा मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"या मामा. काल घरी गेल्यावर फार चुटपुट लागली. वाटलं, थांबवावं तुम्हाला. पण म्हटलं, किती वर्षं धग सोसलीत, आता आपल्या स्वार्थासाठी अडवू नये." त्यांचे डोळे भरून आले होते. "काही राहिलं का?"

वाक्य ओठांवर आलं. जन्मभर ते दुसऱ्यानं मामांना म्हटलं होतं. मामांनी कुणालाच नाही. जीभ काही वळेना. शरमेनं त्यांचे कान तापले.

"डबा राहिला होता," मामा म्हणाले आणि हातातला डबा त्यांनी वर करून दाखवला. "मिळाला."

मग तो छातीशी धरून ते बाहेर पडले. डबा अजून ऊन होता.