दाजी शेजारी उभे राहिले

अर्जुनरावांना बालाजीचं तोंड बघवत नसे आणि बालाजीला अर्जुनरावांचं. तरी दोघं लातूरच्या एमआयडीसीतल्या एकाच प्लांटमध्ये सोयाबीनचं तेल काढत होते. अर्जुनराव मॅनेजर, बालाजी मीटरं दुरुस्त करणारा टेक्निशियन, आणि मध्ये राजकन्या, एकाची बायको आणि दुसऱ्याची थोरली बहीण. नोकरी दाजींनीच लावून दिलेली. उपकार करणाऱ्याचं एक वेळ चालतं, पण रोज सकाळी त्याची आठवण करून देणारा माणूस म्हणजे जिवाला घोर.

त्या दिवशी हेक्झेनच्या पाइपावरचं मीटर काहीच्या बाही आकडे दाखवायला लागलं. सोयाबीनमधलं तेल धुऊन काढायला हेक्झेनच लागतं, पण ते पेट्रोलचं सख्खं भावंड. त्याची वाफ हवेत मिसळली की एक ठिणगी पुरते. म्हणून त्या हॉलमधले दिवे, मोटारी, मीटरं, सगळं जाड लोखंडी डब्यांत बोल्ट आवळून बंद केलेलं. झाकण घट्ट आहे तोवर ठिणगी आतल्या आत मरते. वीज चालू ठेवून झाकण उघडलं, की त्या लोखंडाचा काही उपयोग नाही.

त्यात पंपाचं सील गळत होतं. बालाजीच्या कमरेचा गॅस डिटेक्टर दारातच केकाटायला लागला. तो आल्या पावली फिरला आणि ऑफिसात गेला.

"दाजी, प्लांट बंद करावा लागंल. वीज काढून, वास जाऊ देऊन, मगच झाकण उघडतो."

"बंद करायला तुझ्या बापाचा हाय का प्लांट?" अर्जुनराव खुर्चीतून हललेही नाहीत. "मालक फोनवर फोन करायलेत. आता बंद केला तर उद्याच चालू होईल. जा, उघड, वायर आवळ अन् ये."

"आत गॅस हाय. डिटेक्टर बोंबलायलाय."

"त्या डबीला बोंबलायचीच सवय हाय. अन् तुला कामचुकारपणाची. तुमचं घराणंच तसलं. घरी ती बी तसलीच."

बहिणीवर घसरले म्हटल्यावर बालाजीच्या मस्तकात तिडीक गेली.

"उघडतो की," तो म्हणाला. "तुमी माझ्या शेजारी उभं राहा."

ऑफिसात सगळ्यांच्या माना वर झाल्या. बालाजीला तेच हवं होतं. हा माणूस सगळं जाणून दुसऱ्याला मरायला पाठवतो, अशी त्याची खात्री होती. आता तो काहीतरी सबब काढेल, चारचौघांत त्याचं तोंड उतरेल, आणि ते आपण डोळे भरून बघू, एवढीच त्याची हौस होती.

अर्जुनराव उठले. "चल," म्हणाले.

हॉलच्या दारात ऑपरेटर रेवणप्पा उभा होता. मॅनेजरच निघालेला बघून तो बाजूला झाला. डिटेक्टर कमरेला ओरडत होता. अर्जुनराव मीटरपाशी बालाजीच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कोपऱ्यात अंधार होता, म्हणून टॉर्च लावायला त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मोबाइल गेटवर ठेवा, ही पाटी त्यांनीच लावलेली होती.

बालाजीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं भीती नव्हती आणि आवही नव्हता. नुसता कंटाळा होता. तेव्हा त्याला उमगलं. या माणसाला काही ठाऊकच नव्हतं. पाटी, डबी, बोल्ट, सगळी त्याच्या लेखी सरकारी कटकट होती. जाणून वागणाऱ्याला लाजवता तरी येतं, याला काय करणार? आणि बहिणीच्या नवऱ्याला इथं कोणी आणलं होतं? आपणच, खुन्नस म्हणून.

"उघड ना!" म्हणत अर्जुनरावांनी टॉर्चसाठी अंगठा उचलला.

बालाजीनं त्यांचं मनगट आवळलं, दुसऱ्या हातानं कॉलर धरली आणि त्यांना फरफटत दाराबाहेर आणलं. जावयाच्या अंगाला आपल्याकडे कोण हात लावतो? लग्नात कानपिळीला त्यानं याच माणसाचा कान धरला होता, तेही हसत, तेही भटजींनी सांगितलं म्हणून. बाहेरच्या भिंतीवरचं लाल बटण त्यानं दाबलं आणि सगळा प्लांट घरघरत बंद पडला.

कामगार जमले. अर्जुनरावांनी शर्ट नीट केला आणि सगळ्यांदेखत बालाजीच्या कानाखाली वाजवली. "निघ. उद्या गेटवर दिसलास तर तंगडं मोडीन."

संध्याकाळी तो बहिणीच्या घरी गेला. राजकन्या उंबऱ्यातच आडवी उभी राहिली, ये म्हणाली नाही.

"ते तुझ्या शेजारी उभं राहिले, बाला. एवढा मोठा साहेब, तुला धीर यावा म्हणून आत आला. अन् तू त्यांची कॉलर धरलीस?"

"ताई, आत गॅस होता. एक ठिणगी पडली असती तर तू आज..."

"मग झालं का काही?"

"न्हाई."

"कुणाला खरचटलं तरी का?"

"न्हाई. बंद केला म्हणून न्हाई झालं, ताई."

"तुझी डबी खोटी हाय म्हणतात ते. उद्या आधी प्लांट चालू करणार, मग समद्यांसमोर सोता उघडणार हायेत ते झाकण."

बालाजीनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या माणसासाठी रडू येत होतं. "त्यांना जाऊ देऊ नको. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण उद्या त्यांना घरी ठेव. पाया पडतो तुझ्या."

आत जेवणाच्या ताटावरून अर्जुनरावांनी विचारलं, "कोण हाय गं?"

"कोणी न्हाई," राजकन्या म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.