यादीतलं पहिलं नाव

चर्चचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण अंगणवाडीची रजिस्टरं भरणारी वस्तीत मी एकटी. "सुनिताताई, साठ वर्षं झाली, चार पानं तरी लिहा," असं पाळक अजित म्हणाले आणि मोकळे झाले. सारंगखेड्याजवळ तापीच्या काठावरची आमची बाप्टिस्ट मंडळी उणीपुरी साठ माणसांची. चार पानं भरायची कशानं?

सुरुवात मात्र आयती मिळाली. बाहेरगावच्या उपदेशकांनी केलेली पहिल्या बाप्तिस्म्याची यादी कपाटात होती. आठ नावं, त्यात पहिलं माझ्या बाचं, रूपसिंग. या चर्चच्या विटा डोक्यावर वाहणारा, अजूनही दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालणारा माझा बा! मला भारी अभिमान वाटला. लगेच चार पानं लिहून दोनशे प्रती छापून घेतल्या.

शनिवारी दुपारी बाला वाचून दाखवायला बसले, तर त्याला एका जागी बसवेना. खाटेवरून उठला, माठापर्यंत गेला, पाणी न पिताच परत आला.

"मन्हं नाव काढ," तो म्हणाला. "मन्हा बाप्तिस्मा व्हयेल नही."

मग सगळं बाहेर आलं. आमच्यात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा नसतो. जाणत्या माणसानं आपण होऊन यायचं आणि नदीत पुरतं बुडून वर यायचं. उपदेशकांनी नावं सकाळीच लिहून घेतली होती. अठरा वर्षांचा बा काठापर्यंत गेला, पाणी बघून त्याची गाळण उडाली आणि तो ज्वारीच्या शेतातून पळाला. उपदेशक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेले, यादी तशीच राहिली. बरोबरचे सात जण आज ना उद्या तोही पाण्यात उतरेल म्हणून गप्प राहिले असतील. आता त्यांतलं कुणी नाही. आणि प्रभुभोजनाची, उपासनेत ताटातून फिरते ती, भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायची असते. बा ती साठ वर्षं घेत होता.

"मंग इतला दिन काबर बोलना नही?"

"भ्याव वाटे. पानीना बी, मानसेस्ना बी."

मी तडकले. प्रती छापून झालेल्या, उद्या वर्धापनाला पाहुणे येणार, बाचं सगळ्यांसमोर हसं होणार. खरं सांगायचं तर माझंही. "आते गप बस," म्हटलं. बापाला असं बोलले मी.

रविवारी इतिहास वाचला. बाच्या नावाशी माझा आवाज जरा जास्तच चढला. टाळ्या पडल्या. मग भाकरीचं ताट फिरलं. बाजवळ आलं, तेव्हा त्यानं तुकडा न घेता ते पुढे सरकवलं.

"बाबा, तुमचं राहिलं," पाळक हळूच म्हणाले.

बा उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले. कागद अजून हातातच होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाळक म्हणाले, बाप्तिस्म्याचं पुढच्या महिन्यात बघू, वय झालंय, पाणी गार आहे.

"पुढला महिनामा मी परत भ्यासू," बा म्हणाला आणि चपला न घालताच नदीकडे निघाला. मागे अख्खी मंडळी.

बॅरेजचा बंधारा झाल्यापासून तापी भरलेली असते. पाळक आधी उतरले, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. बा घोट्याएवढ्या पाण्यातच थबकला. त्यानं माझा हात बांगड्यांसकट घट्ट धरला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मान वळवून शेताकडे बघत होता.

"बा, घर जाऊत का?" मी विचारलं.

मनापासून विचारलं. तो पळाला असता, तर या खेपेला मीही त्याच्याबरोबर पळाले असते, लोक काय म्हणायचे ते म्हणोत. त्यानं माझा हात सोडला आणि पाळकांच्या दिशेनं चालू लागला.