सहीच्या वर सोडलेली जागा

रविवारच्या पालकसभेत लाँड्रीवाला असा काही तावातावाने बोलला की मागच्या रांगेत पेंगणारे बापही सरसावून बसले. मुलं बिघडताहेत, उलट उत्तरं देताहेत, धडधडीत खोटं बोलताहेत, आणि या सगळ्याचं मूळ कोण, तर तो गिटार बडवणारा बोकड! गायकाला हे नाव दाढीमुळे पडलं होतं. लाँड्रीवाल्याच्या मते ते आवाजामुळे पडायला हवं होतं. बुधवारीच त्याचा कार्यक्रम गावात झाला होता आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा येणार होता. त्याला मैदान देऊ नये असं निवेदन करायचं ठरलं. पहिली सही अर्थातच लाँड्रीवाल्याची. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी शाळेतून फोन आला, ताबडतोब या.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत त्याची मुलगी भिंतीला लागून उभी होती. टेबलावर शुक्रवारचं वर्तमानपत्र पसरलेलं. बोकडाच्या कार्यक्रमाच्या फोटोत, अगदी पहिल्या रांगेत, गालांवर काळे पट्टे ओढून तोंड वासून ओरडणारी पोरगी त्याचीच होती. मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून गेलेली! शनिवारी याच अंकात त्याने चार शर्ट गुंडाळून दिले होते आणि या शहाण्याला पत्ता नव्हता.

"बुधवारी ही शाळेत नव्हती," बाई म्हणाल्या. "आम्ही काही विचारलं नाही, कारण तुमची चिठ्ठी होती. फोटो पाहिला तेव्हा म्हटलं, तुम्हालाच दाखवावी."

चिठ्ठी त्याचीच होती. मंगळवारी सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती. खाली त्याचीच सही. पण मजकूर आणि सही यांच्या मधे आणखी दोन ओळी होत्या. 'डॉक्टरांनी बुधवारी पूर्ण दिवस विश्रांती सांगितली आहे. तरी घरी राहण्यास परवानगी द्यावी.' अक्षर हुबेहूब त्याचं, फक्त लिहिलं त्याने नव्हतं.

ओरडायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

त्याचं असं होतं. कपडा घेताना त्यात आधीपासून काय दोष आहे ते पावतीवर लिहायची दुकानाची रीत होती. बटण तुटलेलं, बाहीवर डाग, अस्तर उसवलेलं. पावती दुकानात राहायची, गिऱ्हाइकाच्या हाती नुसता नंबराचा बिल्ला. लाँड्रीवाला दोष लिहायचा, मग दोन ओळी कोऱ्या सोडायचा आणि त्याखाली सही ठोकायचा. कधी इस्त्री जास्त तापायची, कधी एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा. तेव्हा त्या दोन ओळी कामाला यायच्या, नवा दोषही आधीचाच म्हणून तिथे चढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला आणि हे बारीक काम मुलीकडे आलं. आठ दिवसांत तिने बापाचं अक्षर उचललं. गिऱ्हाईक चिडून आलं की ती पावती पुढे सरकवायची आणि मान खाली घालून हळूच म्हणायची, "आला तेव्हाच होता हो तो." पोरगी फार हुशार आहे, असं तेव्हा त्याने बायकोला कौतुकाने सांगितलं होतं. आणि ही सवय इतकी अंगात मुरलेली की शाळेला चिठ्ठी लिहितानाही बाप दोन ओळी सोडून मोकळा झाला.

"मी हिला गेली पाच वर्षं ओळखते," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मूळची वाईट नाही. रविवारी तुम्ही जे बोललात ना, त्याचंच हे उदाहरण." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. अशी प्रकरणं निवेदनाला जोडायची होती. विद्यार्थ्याचा वर्ग, काय केलं, आणि शेवटी, 'कोणाच्या प्रभावामुळे'.

"एवढं भरून द्या. समज देऊन सोडू. नाही तर नियमाप्रमाणे पंधरा दिवस घरी आणि दाखल्यावर शेरा."

शेरा पडला तर नर्सिंगच्या कॉलेजात कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि तिला लहानपणापासून नर्सच व्हायचं होतं. लाँड्रीवाल्याने पेन उचललं. तीन अक्षरांचं तर काम होतं.

तेवढ्यात मुलगी बोलली. "मॅडम, मी आधी अशी नव्हते हो. त्याची गाणी ऐकूनच झालं सगळं."

मान खाली, आवाज हळू, आणि मधेच तो 'हो'. बाईंचे डोळे पाणावले. लाँड्रीवाल्याचं पेन मात्र कागदावरच थांबलं, कारण हा काउंटरवरचा आवाज होता. दोन वर्षं तो याच आवाजाच्या मागे, पडद्याआड इस्त्री फिरवत निर्धास्त उभा राहिला होता. आजही ती त्याच्याच वतीने बोलत होती आणि समोरचं माणूस विश्वास ठेवत होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शेवटच्या रकान्यात त्याने 'वडील' असं लिहिलं आणि कागद बाईंकडे सरकवला.

"चुकून लिहिलंत का?"

"नाही," तो म्हणाला, आणि पावत्यांचं सगळं सांगून टाकलं. कोऱ्या ओळी, अक्षर, काउंटरवर काय बोलायचं ते, सगळं.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. "माझा राखाडी कोट," त्या म्हणाल्या. "कॉलरखाली जळला होता तो?"

"आला तेव्हाच..." मुलीच्या तोंडून निघून गेलं आणि ती थांबली.

"इस्त्री माझ्या हातात होती," लाँड्रीवाला म्हणाला.

"तुझ्यावर उगाच संशय घेतला म्हणून मी काउंटरवर तुझी माफी मागितली होती," बाई मुलीला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी दाखल्यांची फाइल ओढली आणि शेरा लिहिला. पंधरा दिवसही दिले. लाँड्रीवाल्याने हातापाया पडायचं मनात आणलं होतं, पण धीर झाला नाही.

फाटकाबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "एक दिवस तुला कळेल, मी बरोबर केलं."

"बरोबरच केलंत," मुलगी म्हणाली. आता आवाज तिचा स्वतःचा होता, रडवेला आणि संतापलेला. "पण दोन वर्षं मी तुमच्यासाठी लिहीत होते, तेव्हा का नाही केलंत? मी एकदाच स्वतःसाठी लिहिलं, तर आजच?"