न झालेल्या सभेची बातमी

संपादकांच्या गेल्या वर्षीच्या परिषदेत जो तो बातम्या लिहिणाऱ्या यंत्राचे गोडवे गात होता. यंदा संपादकबाई धाकधुकीतच आल्या होत्या. यंत्र घेऊन वार्ताहरांना घरी बसवायचं, असा वर्तमानपत्राचा हिशेब सांभाळणाऱ्या त्यांच्या दिराने हट्टच धरला होता. चहाच्या वेळी त्यांनी दुसऱ्या एका संपादकांना विचारलं, "तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"रद्द झालेल्या सभेची बातमी लिहिली हो त्याने, भाषणांसकट!" ते ओशाळून म्हणाले. "वार्ताहरांना हातापाया पडून परत बोलावलं. यंत्राकडे आता फक्त हवामान."

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिथूनच दिराला फोन लावून सगळं सांगितलं.

"सुटलो, वहिनी," तो म्हणाला. "त्या पोरांना कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी?"