अंगठीवाल्यांचा नांगर

होमकमिंगच्या, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, शनिवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना कुणाशी ठेवायचा, याचं एक साधं शास्त्र आहे. जुनी पोरं बायकापोरांना घेऊन लांबलांबून येतात, त्यांना जिंकलेलं बघायचं असतं. तेव्हा त्या दिवसाला हमखास हरणारा पाहुणा बोलवायचा. वेल्डन कॉलेजने हे वर्षानुवर्षं केलं. मग गाडं उलटं फिरलं. नेब्रास्कातली आजूबाजूची कॉलेजं आपापल्या होमकमिंगला वेल्डनला बोलवायला लागली. एका हंगामात अशी चार आमंत्रणं आली, तेव्हा कोच वर्लिन टीडमनच्या बायकोने, जोलीनने, विचारलं, "अरे वा, एवढे लाडके कधीपासून झालो रे आपण?" पाहुणा कुणाला म्हणतात आणि बकरा कुणाला, हे वर्लिनला चांगलं कळत होतं.

यंदा तर स्वतःच्या होमकमिंगला बकराच मिळेना. वेल्डनहून दुबळं कोण उरलं होतं? शेवटी वर्लिनने ब्रॉकवे कॉलेजात फोन लावला. तिथे डॅरिन कुबिक नंबर दोनचा कोच होता. डॅरिन वर्लिनच्याच हाताखाली खेळलेला, याच गावचा, आई अजून धान्याच्या कोठाराशेजारच्या गल्लीत राहते. डॅरिन म्हणाला, "कोच, आमचा मोठा संघ काही यायचा नाही. पण नवी पोरं आहेत, पहिल्या वर्षाची. त्यांना घेऊन येतो." म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या शिकाऊ पोरांशी आपल्या थोरल्यांनी खेळायचं! गावभर लागलेल्या जाहिरातींवर मात्र फक्त 'वेल्डन विरुद्ध ब्रॉकवे' एवढंच छापलं. 'शिकाऊ' हा शब्द तेवढा जागेअभावी राहून गेला म्हणे.

वर्लिनला त्याचं वाईट वाटलं, पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गुडघे गेले होते, हा त्याचा शेवटचा हंगाम होता, आणि आपल्यामागे डॅरिनच कोच व्हावा यासाठी त्याचा जीव तुटत होता. दुसरा कुणी आला तर संघ दोन वर्षांत बंद पडेल, हे त्याला लख्ख दिसत होतं. तसं कॉलेजने संघ ठेवला होता तो वसतिगृहाच्या खोल्या भरायला. चांगली पोरं येत, एक वर्ष काढत आणि दुसरीकडे पळत. पळणार नाहीत तर काय! वेल्डनमध्ये खेळायचं म्हणजे नांगर ओढायचा.

नांगर म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीचा डाव. सगळ्यांनी उजवीकडे झुकायचं, चेंडू पोटाशी धरायचा आणि माणसांच्या भिंतीत मुंडी घालून घुसायचं. फेकाफेकी नाही, नखरे नाहीत. या डावावर वेल्डनने त्या वर्षी देशातल्या छोट्या कॉलेजांचं अजिंक्यपद जिंकलं आणि संघातल्या प्रत्येकाच्या बोटात सोन्याची जाडजूड अंगठी आली. तेव्हापासून गावात दोन जाती झाल्या: अंगठीवाले आणि बाकीचे. कोच नेमायचा तर अंगठीवाल्यांनी, आणि नेमायचा तोही अंगठीवालाच. कागदावर कुठेच नव्हतं हे. पण मैदानावरचे दिवे, बस, पोरांची शिरस्त्राणं, सगळं त्यांच्या देणगीचं. मग प्राचार्य कशाला तोंड उघडतोय! असे ओळीने तीन कोच झाले. तिसरा वर्लिन. त्याला शिकवता येतं का, हे तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं. त्यानेही नाही.

होमकमिंगच्या सकाळी चर्चच्या तळघरात अंगठीवाल्यांची न्याहारी असते. लांब टेबल, पॅनकेक, सॉसेज, पाणचट कॉफी. त्या टेबलावर बिनअंगठीचा माणूस बसत नाही. बायकासुद्धा पलीकडच्या टेबलाला. टोकाला बड राथके बसला होता. एके काळी या बडच्या पाठीमागे लपून वर्लिन धावायचा. आता बडचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि पोट टेबलाला टेकत होतं.

"तर मंडळी," बड म्हणाला, "वर्लिननंतर आपला लॉनी. बोला."

लॉनी पीकविमा विकायचा. त्याने आजवर शिकवलं होतं ते फक्त मुलीच्या शाळेतल्या पोरींना, आणि तेही सॉफ्टबॉल. तो लाजून सिरप ओतत राहिला.

वर्लिनने काटा खाली ठेवला. "मला डॅरिन हवाय."

"कुबिकांचा?" बडने भुवया चढवल्या. "अंगठी आहे त्याच्या बोटात?"

"नाही. डोकं आहे खांद्यावर."

"अरे, तो खेळला तेव्हा आपण हरत होतो."

"हरत होतो कारण मी शिकवत होतो! बड, जरा बघ की आजूबाजूला. तीस वर्षं आपण अंगठी बघून माणसं नेमतोय. लग्नात बँडवाल्याचा कोट बघावा तसं. पहिला गाढव मीच."

बाजूच्या टेबलावर जोलीनने कप तोंडाशी नेलेला तसाच धरला. मग बड हसायला लागला. "गुडघ्यातलं दुखणं मेंदूत गेलं गड्याच्या! बरं, ऐक. तुझ्या लाडक्याचीच पोरं आलीत ना आज? त्याने आज तुला हरवलं तर आम्ही त्याला बोलावू. तू जिंकलास तर नांगर खरा आणि लॉनी पक्का. आहे कबूल?"

"शब्द?"

बडने अंगठीचा हात टेबलावर आपटला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. बश्या खडखडल्या. त्या टेबलावर असं आपटलं की मागे फिरायचं नाही, ही जुनी रीत होती, आणि एरवी कसलेही असले तरी ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. सगळे हसत होते, कारण शिकाऊ पोरांकडून कोण हरतंय! वर्लिननेही हात आपटला.

बाहेर गाडीपाशी जोलीन म्हणाली, "मग हर."

"अगं, असं कसं..."

"कसं म्हणजे? दोन वर्षं दर शनिवारी फुकट हरतोस. आज एकदा कामासाठी हर."

"पोरांना सांगू का हरा म्हणून?"

"पोरांना कशाला सांगतोस? तू फक्त मधे तडमडू नकोस."

हे वर्लिनला पटलं. मुद्दाम हरायला लावणं पाप होतं, पण पोरांना मोकळं सोडणं पाप नव्हतं. दर खेपेला ज्याच्या हातून चेंडू पुढे जायचा तो रेमी, लुइझियानाचा काटकुळा पोरगा, तीन वर्षं मागे लागला होता, कोच, मला फेकू द्या. तीन वर्षं वर्लिनने त्याच्याकडून नांगर ओढून घेतला होता. आज तो म्हणाला, "रेमी, आज तुला हवं तसं फेक. मी काही बोलणार नाही."

रेमी बघतच राहिला. "चेष्टा करताय, कोच?"

"नाही रे बाबा. फेक."

ही पोरं फेकाफेकीला सरावलेली नाहीत, हरतील आणि हसत हरतील, असा वर्लिनचा हिशेब. पहिले काही चेंडू गवतात पडलेही. पलीकडे डॅरिनची पोरं भराभर गुण करत होती. लाकडी बाकांवरून अंगठीवाल्यांची बोंब सुरू झाली, "नांगर! अरे, नांगर धरा!" वर्लिन टोपी खाली ओढून उभा राहिला. आणि मग काय झालं कोण जाणे, रेमीचा हात बसला. एक चेंडू गेला, दुसरा गेला. दोन वर्षं माना खाली घालून चालणारी पोरं मैदानावर ओरडायला, एकमेकांच्या पाठीत धपके घालायला लागली. वर्लिनला भरून आलं. एवढं यांच्यात होतं? मग आपण इतकी वर्षं यांचं काय केलं?

शेवटचं मिनिट चालू होतं. ब्रॉकवे चार गुणांनी पुढे, वेल्डन रेषेच्या अगदी तोंडाशी, आणि चेंडू पुढे न्यायची खेप एकच उरलेली. लाथ मारून मिळतात ते तीन गुण पुरणार नव्हते, चेंडू रेषेपलीकडे नेला तरच सहा मिळून जिंकता येणार होतं. वर्लिनने खेळ थांबवून घेतला. रेमी धावत आला, त्याचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"फेकू ना, कोच?"

'फेक' एवढंच म्हणायचं होतं. झेलला गेला असता तर गावाने पस्तीस वर्षांत प्रथमच फेकून जिंकलेलं पाहिलं असतं, आणि मग नांगर खरा असं बडला म्हणता आलं नसतं. पडला असता तर डॅरिन आला असता. कसंही पडलं तरी वर्लिनचं भलंच होतं. पलीकडच्या कडेला डॅरिन हात छातीवर बांधून त्याच्याकडेच बघत होता. त्याला पैजेचं काही ठाऊक नव्हतं.

मागून गर्जना उठली. "नांगर! नांगर!" म्हातारी माणसं उठून उभी राहिली होती, पाय आपटत होती, फळ्या दणदणत होत्या. पस्तीस वर्षांपूर्वी हीच गर्जना होती, हीच थंडी, आणि चेंडू वर्लिनच्या पोटाशी होता. दोन वर्षं हे मैदान त्याच्यासाठी गप्प होतं. आता तीच गर्जना पुन्हा त्याच्यासाठी उठली होती. शिकाऊ पोरांशी सामना चाललाय, हे तो विसरला. डॅरिनला विसरला, बडला विसरला, स्वतः सकाळी काय बोललो तेही विसरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

"नांगर," वर्लिन म्हणाला.

"कोच, तुम्ही म्हणाला होतात..."

"नांगर म्हणालो ना! जा!"

रेमी गेला. सगळे उजवीकडे झुकले, चेंडू पोटाशी गेला, मुंड्या खाली झाल्या. आणि उजवीकडे भिंतच नव्हती. पोरं उघड्या दारातून आत जावं तशी रेषेपलीकडे गेली आणि एकमेकांवर कोसळली.

मग नुसता कल्लोळ! बड कठड्यावरून खाली उतरला, लहान पोरासारखा रडत होता. "बघितलंस? नांगरच! शेवटी नांगरच!" अंगठीवाल्यांनी वर्लिनला ओढत मैदानाच्या कोपऱ्यातल्या घंटेपाशी नेलं. जिंकल्यावरच वाजवायची घंटा, दोरावर शेवाळ चढलेलं. वर्लिनने दोर ओढला, पुन्हा ओढला, घसा फाडून ओरडला. लॉनीला कुणीतरी खांद्यावर घेतलं. घंटेखाली उभं राहून वर्लिन हसत होता, आणि ते हसू खोटं नव्हतं. त्या घटकेला त्याच्याइतका सुखी माणूस साऱ्या नेब्रास्कात नसेल.

दोर सोडून वळला तेव्हा रेमी दिसला. त्याने शिरस्त्राण बाकावर ठेवलं होतं आणि तो एकटाच बूट सोडत होता.

"जिंकलो की रे!" वर्लिन म्हणाला.

"हो, कोच." रेमीने वर पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी मी नसेन. आईला सांगून ठेवतो आजच."

तेवढ्यात डॅरिन हात पुढे करून आला. त्याची पोरं बसकडे निघाली होती.

"अभिनंदन, कोच."

"डॅरिन, ऐक, मला तुला काही सांगायचं होतं... उजवी बाजू. तुझा एकही पोरगा नव्हता रे तिथे. नांगर तर तुला झोपेतही ओळखता येईल. चार वर्षं तूच ओढलास."

"ओळखता येतो ना." डॅरिनने हात सोडला नाही. "पण आज पहिल्या खेपेपासून तुम्ही त्या पोराला फेकू देत होतात. मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू. म्हटलं, बदलले आपले कोच. म्हणून शेवटी सगळ्यांना झेल अडवायला मागे पाठवलं."

मग त्याने वर्लिनचा हात सोडला.

"चूक माझीच," डॅरिन म्हणाला. "आईला भेटून निघतो."

मागे बड पुन्हा घंटा बडवायला लागला होता आणि वर्लिनला हाका मारत होता. जोलीन गाडीत बसली होती. वर्लिन शेजारी येऊन बसला तरी तिने गाडी चालू केली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काय म्हणाला डॅरिन?" तिने विचारलं.

"अभिनंदन म्हणाला," वर्लिन म्हणाला, आणि बोटातली अंगठी ओढून बघायला लागला. बोट सुजलं होतं. ती निघेना.