कुलासाच्या घरचं पिनांगात

फिलिपिन्समधल्या आमच्या कामालिग गावात ‘पिनांगात’ हा पदार्थ घरोघरी व्हायचा, पण कुलासाच्या हातचं वेगळं, हे तिच्याशी न बोलणारेही मान्य करायचे. अळूच्या पानांत मांसाचे तुकडे, सुकी कोळंबी आणि भरपूर मिरच्या बांधायच्या आणि ती पुडकी गवती चहा घालून नारळाच्या दुधात शिजवायची, एवढंच ते. कुलासा आपल्या आईकडून शिकली होती, आई तिच्या आईकडून. कुलासाची मुलगी लॉर्ना मात्र मनिलाला बँकेत लागली. आईने विषय काढला की ती म्हणायची, "इथे विकत मिळतं गं." म्हणजे शिकवायला उरली ती सून.

सून एल्मा. कुलासाचा मुलगा अर्नेल मालवाहू बोटीवर होता आणि एका सुट्टीत तो दूरच्या इलोइलोहून बायको घेऊनच घरी आला. आईला आधी विचारलं नव्हतं. एल्मा वाकली, सासूचा हात कपाळाला लावायला म्हणून; मोठ्यांना आमच्यात असाच नमस्कार करतात. कुलासाने हात मागे घेतला नाही, पण पुढेही केला नाही. मी शेजारीण, अंगणात उभी होते. आमच्या दोन घरांमध्ये फक्त केळीची रांग आहे, त्यामुळे पुढचंही बरंच काही कानावर आलं.

दोन-तीन वर्षांनी, जूनमधल्या गावच्या सणाच्या आदल्या दिवशी, कुलासा सुनेला म्हणाली, "या वेळी पिनांगात तू कर. लोकांना कळू दे, घरात सून आहे."

एल्मा इतकी खूश झाली की केळीपलीकडून मला हाक मारून सांगितलं तिने.

सणाच्या सकाळी कुलासा स्टुलावर बसून सांगत होती. पानं आत्ता तोडलेलीच हवीत, सुकलेलं पान बांधताना फाटतं. दूध चांगलं उकळलं की उतरवायचं, नाहीतर लगदा होतो.

"आई, आमच्याकडे अळू बराच वेळ शिजवतात," एल्मा म्हणाली.

"तुमच्याकडे शिजवत असतील. हे कामालिग आहे."

एल्माने सांगितलं तसं केलं.

दुपारी पंगत बसली. पहिला घास चर्चच्या फादरांनी घेतला आणि त्यांचं बोलणंच थांबलं. मग एकेक जण घसा खाकरायला लागला. माझ्या जिभेवर सुया टोचल्यासारखं झालं. कुणी साखर मागितली, कुणी व्हिनेगर. अर्नेलचा मामा अंगणात जाऊन थुंकत राहिला. कुलासा दारात उभी राहून पाहुण्यांना म्हणाली, "काय करणार! शिकवलं होतं हो, पण हात कुठून आणायचा?"

तिच्या स्वतःच्या ताटात पिनांगात नव्हतं. ते एल्माने पाहिलं, आणि मीही.

त्यानंतर गावात एल्माचं नाव 'खाजरी' पडलं. बाजारात अळूवाली तिला बघून हसायची, "काय गं खाजरी, किती जुड्या देऊ?" एल्मा भांडली नाही. ती बाकी सगळं रांधायची, आणि चांगलं रांधायची. पिनांगात मात्र सासूच करायची. अर्नेल कधी म्हणालाच, "तू कर की," तर तिचं एकच उत्तर असे: "मला येत नाही."

एल्माची मुलं शाळेत जायला लागली. अर्नेलने बोट सोडून गावात टायरचं दुकान टाकलं. आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना कुलासा पडली. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं थोडं जड झालं, डोकं मात्र शाबूत राहिलं. एल्मा तिला अंघोळ घालायची, भरवायची, केस विंचरायची. दोघींत गप्पा अशा नव्हत्याच.

पुढे कुलासाचं जेवण सुटलं. तिला पिनांगात हवं होतं. अर्नेलने बसथांब्यावरच्या खाणावळीतून आणलं, तर म्हणाली, "हे गवत तूच खा." लॉर्ना मनिलाहून आली होती, तिने आल्याआल्याच ‘मला नाही येत’ म्हणून हात वर केले. मी पपया द्यायला म्हणून गेले, तेव्हा सगळे कुलासाच्या खाटेभोवती बसलेले.

"एल्मा," कुलासा म्हणाली, "तू कर ना."

"मला येत नाही, आई."

"मी सांगते."

"मागे सांगितलं होतं तुम्ही."

कुलासा खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पानं सावलीत दिवसभर सुकवायची. मऊ पडली पाहिजेत."

"तेव्हा ताजी म्हणाला होतात."

"आच मंद. दुधाचं तेल सुटेपर्यंत उतरवायचं नाही. झाकण काढून ढवळाढवळ करायची नाही."

"तेव्हा उकळलं की उतरव म्हणाला होतात."

"खोटं सांगितलं होतं मी."

लॉर्ना "आई!" म्हणून उठलीच. एल्माने तिला हातानेच खाली बसवलं.

"का?"

"मुलगा तू नेलास. माझ्याकडे तेवढंच राहिलं होतं."

"मी काही नेलं नाही. मी इथे राहायला आले होते."

कुलासाच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही येत असे, पण ते आजारपणामुळे. एल्माने दोन्ही डोळे फडक्याने पुसले आणि विचारलं, "मिरच्या किती?"

"असतील तेवढ्या."

दुसऱ्या दिवशी पानं सुकत पडली होती, तिसऱ्या दिवशी पिनांगात झालं. कुलासाने एक पुडकं संपवलं, दुसरं मागितलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी घालते."

नंतर एल्मा जवळजवळ दर रविवारी करायला लागली. एकदा मी सहज म्हटलं, मलाही दाखव, तर तिने मला बोलावून चुलीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. मग माझी जाऊबाई आली, मग अळूवाली आली. तीच अळूवाली, खाजरी म्हणणारी. एल्माने तिलाही शिकवलं.

हे कुलासाला कळलं तेव्हा तिचा आवाज केळीपलीकडे स्पष्ट ऐकू आला. "चार पिढ्या घरात सांभाळलं, आणि तू बाजारात वाटून आलीस?"

"हो, आई."

"बुद्धी आहे का तुला?"

"आहे. तोंड उघडा, गार होतंय."

मग चमच्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुलासाचा, "त्या अळूवालीला सांगितलंस का, कोवळी पानं आत आणि जून बाहेर?"

"नाही."

"मग काय शिकवलंस? बोलाव तिला."